दुपंखी मॉडेल विमानाच्या तारा बदलताना: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

ऑगस्ट 2024 मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी अकोट्यात शिरलं, तेव्हा माझं टायगर मॉथ हे दुपंखी मॉडेल विमान भावोजींच्या तळमजल्यावरच्या खोलीत होतं. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात सव्वादोन मीटरचे पंख मावत नाहीत, म्हणून ते तिकडे ठेवलेलं. चाकं आणि खालचा पंख दोन दिवस पाण्यात राहिला. पाणी ओसरल्यावर मी सगळं पुसलं, पंख्याखाली आठवडाभर वाळवलं, भिजलेले सर्व्हो, म्हणजे विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी, बदलले. तारा चकचकीत दिसत होत्या, म्हणून त्यांना हात लावला नाही. दिवाळीनंतर एक तार सहज बोटाने वाकवली आणि ती क्रिम्पच्या, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या नळीच्या, तोंडाशी टक्कन तुटली. तुटलेलं टोक भिंगाखाली धरलं, तर पारदर्शक नायलॉनच्या आत बारीक धागे चहाच्या रंगाचे झालेले. पाणी कापलेल्या टोकातून नायलॉनखाली शिरलं होतं आणि तिथेच कोंडून राहिलं होतं.

ती तार हवेत तुटली असती, तर नऊ किलोचं विमान कुठे आणि कुणावर पडलं असतं, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या तारा बदलायच्या ठरवल्या. तेव्हा मराठीत हे कुणी नीट लिहिलेलं सापडलं नाही. एक संच मी चुकीचा बसवला, तो काढून पुन्हा केला. त्यातून जे हाती आलं ते खाली देतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. तारेचं काम पंख धरून ठेवण्याचं आहे, पंख सरळ करण्याचं नाही. पंख आधी बरोबर बसवायचे, मग तार फक्त ढील जाईल एवढी घ्यायची. नवख्यांच्या बहुतेक चुका तार ओढून पंख जागेवर आणायला जाण्यातून होतात.

1. तुमच्या तारा कामाच्या आहेत की शोभेच्या?

काही दुपंखी मॉडेलमध्ये पंखाच्या आत जाड ॲल्युमिनियमची किंवा कार्बनची नळी असते, ती एकटी सगळा भार पेलते. अशा विमानाला तारा फक्त दिसायला असतात, आणि तिथे काळं किंवा चंदेरी इलॅस्टिकही चालतं. दुसऱ्या प्रकारात पंख तारांच्याच जिवावर उभे असतात. अशा विमानाला इलॅस्टिक लावून उडवलं, तर पहिल्याच लूपमध्ये, म्हणजे हवेतल्या उभ्या गोल गिरकीत, पंख मिटतील.

किटच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं. पुस्तिका हरवली असेल तर तार जिथे अडकवली आहे ती जागा बघा. धातूची पट्टी पंखाच्या मुख्य स्पारपर्यंत, म्हणजे आतल्या लांब दांड्यापर्यंत, गेलेली आणि बोल्टने धरलेली असेल, तर तार कामाची. नुसता हूक बाल्साच्या हलक्या लाकडात चिकटवलेला असेल, तर शोभेची. जुनं विमान दुसऱ्याकडून घेतलं असेल तर आधीच्या मालकाच्या शब्दावर जाऊ नका, झाकण उघडून स्वतः बघा. शंका राहिली तर तार कामाची आहे असंच समजून चला. पुढचं सगळं कामाच्या तारांविषयी आहे.

2. कोणती तार काय करते

नावं माहीत नसतील तर पुढे सगळा गोंधळ होतो, म्हणून एवढं वाचून घ्या.

उड्डाण-तारा, म्हणजे फ्लाइंग वायर, बॉडीच्या खालच्या कडेपासून तिरक्या वर जाऊन बाहेरच्या स्ट्रटच्या, म्हणजे दोन पंखांमधल्या उभ्या दांड्याच्या, वरच्या टोकाला पोचतात. हवेत पंख वर उचलले जातात तेव्हा सगळा ताण यांच्यावर येतो. जीव यांच्यावर आहे.

लँडिंग-तारा याच्या उलट, वरच्या पंखाच्या मधल्या भागाजवळून खाली येऊन बाहेरच्या स्ट्रटच्या बुडाशी मिळतात. विमान जमिनीवर असताना पंखांचं वजन या तोलतात. दणका बसून उतरलात तर फटका यांना बसतो. हवेत त्या थोड्या सैल पडतात, त्यात काही बिघडलेलं नसतं.

इन्सिडन्स-तारा पुढच्या आणि मागच्या स्ट्रटच्या मध्ये फुलीसारख्या असतात. दिसायला किरकोळ, पण पंखाचा पीळ यांच्या हातात. या चुकल्या तर विमान सुटल्याबरोबर एका अंगावर जातं.

शिवाय मधल्या छोट्या स्ट्रटच्या, चाकांच्या आणि काही विमानांत शेपटीच्या तारा असतात. त्यांची पद्धत तीच, भार कमी.

टायगर मॉथवाल्यांसाठी एक सूचना. मूळ विमान 26 ऑक्टोबर 1931 रोजी पहिल्यांदा उडालं. पुढे आपल्या हवाई दलाचे कितीतरी वैमानिक त्याच्यावर शिकले. पुढच्या कॉकपिटमधल्या माणसाला पॅराशूटसह पटकन बाहेर पडता यावं म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवला गेला, आणि तोल सांभाळायला पंख मागे झुकवले. त्यामुळे तुमच्या मॉडेलचे पंखही मागे झुकलेलेच असायला हवेत. माझ्या ओळखीतल्या एकाने ते 'वाकडे' समजून तारांनी सरळ ओढायचा प्रयत्न केला आणि मागच्या स्ट्रटचा बोल्ट लाकडातून उपटला.

3. सामान

- किटची पुस्तिका किंवा प्लॅन, आणि जुन्या तारांचे सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो
- नायलॉनचं वेष्टन नसलेली स्टेनलेसची पिळाची तार, लागेल त्याच्या दीडपट
- तांब्याचे फेरूल, म्हणजे तारेवर दाबायच्या छोट्या नळ्या, तारेच्या मापाचे, किमान दुप्पट (अर्धे सरावात जातात)
- क्लेव्हिस (तार अडकवायचा पिनेचा चिमटा), थ्रेडेड कपलर (आट्याचा जोड), लॉकनट. असतील तर छोटे टर्नबकल (फिरवून तार ताणायचे जोड)
- मापाचे खाचे असलेलं क्रिम्पिंग टूल
- कडक तार कापणारं कटर
- पाणसळ, गुणिया, ओळंबा, पोलादी फूटपट्टी आणि न ताणणारी सुतळी
- पंखाचा कोन मोजायचा इन्सिडन्स मीटर
- निळा, म्हणजे पुन्हा उघडता येणारा थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद)
- नेलपॉलिश, भडक रंगाची
- डोळ्यांचं रक्षण करणारा चष्मा

चष्म्याचं वेगळं सांगतो, कारण यादीत ते शेवटी राहून जातं. ताणातली स्टेनलेस तार कापली की तुकडा गोळीसारखा उडतो. कापताना तुकड्याचं टोक दुसऱ्या हाताने धरा आणि चष्म्याशिवाय एकही तार कापू नका. साध्या पक्कडीने तार कापू नका. ती कापण्याआधी चेपते, धागे फुलतात, आणि मग ते टोक फेरूलमध्ये जात नाही. कापायच्या जागी चिकटपट्टीचा एक वेढा घ्या आणि त्याच्या मधोमध कापा.

4. तार किती जाड घ्यायची

अंदाजाने घेऊ नका, हिशेब पाच मिनिटांचा आहे. माझं विमान इंधनासकट 9 किलो. कडक वळणात किंवा लूपच्या तळाशी 4 जी, म्हणजे वजनाच्या चौपट भार, धरला, तर पंखांवर 36 किलो भार, म्हणजे एका बाजूला 18. माझ्या उड्डाण-तारा पंखाशी साधारण 30 अंशांचा कोन करतात. 30 अंशांची साइन 0.5, म्हणून 18 किलो उभा भार पेलायला तारेत 36 किलो ताण येतो. एका बाजूला पुढची आणि मागची अशा दोन तारा, म्हणजे प्रत्येकीला 18. प्रत्यक्षात काही भार पंखाच्या मुळाशी जातो, पण पुढची तार मागचीपेक्षा जास्त ओढली जाते, म्हणून ती सूट मी धरत नाही. 18 च्या अडीच पट 45 किलो. ही म्हणजे बाजारात 100 पौंडांची म्हणून मिळणारी तार.

कोन मात्र स्वतःच्या विमानावर मोजा. दोन पंखांत अंतर कमी असेल आणि कोन 20 अंशांचा असेल, तर त्याच 18 किलोसाठी तारेत जवळजवळ 53 किलो ताण येतो. म्हणजे दुसऱ्याच्या विमानाला पुरलेली तार तुमच्या विमानाला पुरेलच असं नाही.

स्टेनलेस खरी आहे का, हे लोहचुंबकाने ठरवायला जाऊ नका. चांगली 304 तारसुद्धा ओढून बारीक केल्यावर थोडी चुंबकाला लागते. मला एकदा 'स्टेनलेस' म्हणून विकलेली तार पावसाळ्यात गंजली. तेव्हापासून मी एक बोटभर तुकडा मिठाच्या पाण्यात बुडवून तीन-चार दिवस ठेवतो. साधं पोलाद असेल तर पाण्याला रंग येतो.

नायलॉनचं वेष्टन असलेली तार मी आता वापरत नाही. तशा तारेवर सुंदर उडणारी विमानं मी पाहिली आहेत, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात वेष्टनाखाली काय चाललंय ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते तपासता येत नाही.

पियानो वायर वापरून टोकं डाखणारेही आहेत. त्यात दोन सापळे आहेत. चांदीच्या डाखाला लागणाऱ्या उष्णतेने तार त्या जागी मऊ पडते. साधा डाख ॲसिडच्या फ्लक्सने केला आणि नीट धुतला नाही, तर गुंडाळीखाली गंज धरतो. पहिल्यांदाच करणाऱ्याने क्रिम्पच करावा.

5. आटे जुळवून घ्या

ही पायरी मी वेगळी काढली, कारण इथे माझा अख्खा रविवार गेला होता. अमेरिकन किटमध्ये 2-56 आणि 4-40 चे, म्हणजे इंची मापाचे, आटे येतात. आपल्याकडे दुकानात एम2 आणि एम3, म्हणजे मिलिमीटरच्या मापाचे, मिळतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. 4-40 च्या दोन आट्यांतलं अंतर 0.635 मिलिमीटर आणि एम3 चं 0.5 मिलिमीटर, त्यामुळे एकात दुसरा एक-दोन फेरे जातो आणि अडकतो. तिथे पक्कड लावून जोर दिलात तर आटे सोलले जातात. वरून मात्र घट्ट बसल्यासारखं वाटतं.

नियम सोपा आहे. आटा बोटांनी फिरला पाहिजे. शेवटपर्यंत बोटांनी जात नसेल तर जोडी चुकली. सगळे तुकडे एकाच मापात घ्यायचे, मिसळ करायची नाही. मी सगळं एम3 केलं, आणि जे दोन भाग 4-40 चेच राहणार होते त्यांची जोडी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारीगराकडून करून घेतली. त्याने नमुना हातात घेऊन आधी आटे मोजायची गेज लावली आणि मगच काम सांगा म्हणाला. असा माणूस भेटला तर त्याला धरून ठेवा.

एम3 वर क्लेव्हिसच्या आत किमान पाच मिलिमीटर आटा, म्हणजे दहा फेरे, असायलाच हवेत.

6. जुन्या तारा कापण्याआधी मोजमाप

सगळ्या तारा एकदम कापू नका. पहिल्या खेपेला मी तेच केलं. विमान टेबलावर ठेवलं, दहा मिनिटांत सगळ्या तारा काढल्या, आणि संध्याकाळपर्यंत डावा पंख कुठे होता हे सांगायला काहीच उरलं नव्हतं. डोळ्याच्या अंदाजाने बसवलं. सुटल्याबरोबर विमान डावीकडे कलंडलं, कसंबसं उतरवलं. डाव्या पंखात जवळजवळ दोन अंशांचा पीळ राहिला होता.

म्हणून आता क्रम असा:

विमान सपाट टेबलावर घट्ट बसवा. शेपटी उचलून, प्लॅनमधली आडवी रेघ पाणसळीवर आणा. चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे द्या. डावा-उजवा तोल खालच्या पंखाच्या मुळाशी बघा.

मग वहीत उतरवा: दोन्ही पंखांचा कोन मुळाशी आणि टोकाशी, टोकांची टेबलापासून उंची, वरच्या पंखाच्या पुढच्या कडेवरून ओळंबा सोडून खालच्या पंखाची कड किती मागे आहे ते, आणि शेपटीच्या मधल्या खिळ्यापासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंतचं अंतर. शेवटचं मोजमाप सुतळीने करा आणि सुतळीवर गाठ मारा. ती डावीकडून उजवीकडे नेली की फरक लगेच दिसतो, फूटपट्टीवर आकडे वाचण्यात चूक होते.

हे सगळं प्लॅनशी ताडून बघा. जुन्या तारा असतानाच पंख चुकीचे असतील, तर जुन्या तारांची लांबी नव्या तारांना द्यायची नाही. आधी पंख बरोबर करा, मग तिथून मोजा.

तार बदलायची ती जोडीजोडीने, डावी आणि लगेच तिची उजवी. ज्या जोडीला हात लावला आहे तिथे पंखाखाली फोमचा ठोकळा देऊन उंची तीच राहील असं बघा.

7. क्रिम्प

सगळं विमान या एका कामावर उभं आहे, म्हणून इथे घाई नको.

तार फेरूलमधून घाला, क्लेव्हिसच्या किंवा कपलरच्या डोळ्यातून काढा, परत फेरूलमधून आणा. माप परवानगी देत असेल तर टोक आणखी एकदा वळवून तिसऱ्यांदा त्याच फेरूलमधून घ्या. डोळ्याच्या भोकाची कड धारदार असते, ती बारीक कानशीने आणि मग पॉलिश पेपरने गोल करा. नखाला कड लागत नाही इतकी गोल. तारेचा लूप अगदी आवळायचा नाही. तार डोळ्याभोवती छोट्या वळणाने जावी, मोडल्यासारखी दुमडू नये. एकदा दुमडलेली तार सरळ केली तरी ती कमजोरच राहते, ती टाकून द्या.

आता दाब. टूलच्या बरोबर खाचेत फेरूल धरून दोन किंवा तीन ठिकाणी दाबा. फेरूलची दोन्ही टोकं मात्र मोकळी सोडा. टोकापर्यंत दाबलं की तिथे धार तयार होते आणि प्रत्येक कंपनाबरोबर ती तारेला कापत जाते. माझी पुराची तार नेमकी तिथेच तुटली होती. गंज होताच, पण तोंडही दाबलेलं होतं. दाबून झाल्यावर शेपूट दोन-तीन मिलिमीटर बाहेर दिसलं पाहिजे. अगदी कडेशी कापून सुबक केलं, तर तार आत सरकतेय का ते कळायला जागा उरत नाही.

फेरूल आणि शेपूट जिथे मिळतात तिथे नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. तार केसभर जरी सरकली तरी रेघ तुटते. उडवण्याआधी या रेघांवरून एक नजर फिरवली की काम झालं.

सपाट पक्कडीने दाबलेला फेरूल वरून घट्ट दिसतो, आत मात्र धागे मोकळे असतात. ॲल्युमिनियमचे फेरूल स्वस्त मिळतात, पण ओलाव्यात स्टेनलेसबरोबर ॲल्युमिनियम झिजतं. म्हणून तांब्याचेच घ्या.

8. झोपाळ्याच्या कडीला ओढून बघा

आपल्याकडे बडोद्यात घराघरात झोपाळा असतो. झोपाळा उतरवा, कडी मोकळी करा. एक फूटभर तार घेऊन दोन्ही टोकांना अगदी विमानाला करणार तसेच क्रिम्प करा, एक टोक कडीला अडकवा, आणि दुसऱ्याला पाण्याचा भरलेला 20 लिटरचा जार आणि 15 लिटर पाण्याची बादली लटकवा. सगळं मिळून साधारण 36 किलो होतं, म्हणजे माझ्या हिशेबातल्या 18 च्या दुप्पट. जमिनीपासून चार बोटं वर ठेवा, खाली जुनी गादी टाका, पाय लांब. रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी नेलपॉलिशच्या रेघा बघा.

माझे पहिले चारपैकी दोन नमुने रात्रीतच सरकले. दोन्ही वेळा दाबाची खाच एक माप मोठी वापरली होती. हा नमुना नंतर विमानाला लावायचा नाही, तो टाकून द्यायचा.

9. विमानावर बसवणं आणि ताण

आधी इन्सिडन्स-तारा, मग लँडिंग-तारा, शेवटी उड्डाण-तारा. प्रत्येक तार अशी कापा की क्लेव्हिस आट्याच्या साधारण मध्यावर असताना ती नुसती सरळ होईल. म्हणजे पुढे घट्ट करायला आणि सैल करायला दोन्हीकडे जागा राहते. एम3 चा एक फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर. दोन्ही टोकांना उलटसुलट आटे असलेला टर्नबकल असेल तर एक फेरा म्हणजे एक मिलिमीटर. एका वेळी अर्धाच फेरा द्या, डाव्या बाजूला दिला की लगेच उजव्या बाजूला, आणि दर दोन फेऱ्यांनी वहीतली मापं पुन्हा घ्या. तार घट्ट करताना टोकाची उंची बदलू लागली की थांबा. तार आता पंख धरत नसून ओढू लागली आहे.

किती घट्ट? मी आमच्या ताईकडून शिकलो. ताई सूरसागरजवळच्या गायनशाळेत शिकली. 1886 मध्ये मौलाबक्षांनी सुरू केलेली ती शाळा आता विद्यापीठाचा विभाग आहे. मी तारा लावत असताना ती शेजारी बसून होती. एक तार बोटाने छेडली, मग दुसऱ्या बाजूची छेडली आणि म्हणाली, "डावी उतरलीय रे. तंबोऱ्याचा जोड लावतोस ना, तसं लाव." तंबोऱ्यात जोडाच्या दोन्ही तारा एकाच षड्जात लागतात; एक जरा उतरली तरी कानाला खटकते. विमानातही डावी आणि उजवी तार सारख्या लांबीची, सारख्या जाडीची, म्हणजे सारख्या ताणाला दोन्ही एकाच सुरात वाजतात. पुढची डावी पुढच्या उजवीशीच जुळवायची. पुढची आणि मागची एकमेकींशी जुळवू नका, त्यांची लांबी वेगळी असते. कान तयार नसेल तर मोबाइलवरचा ट्यूनर चालतो.

सूर किती चढवायचा याचा मात्र कानाला फार भरवसा देऊ नका. ताण चौपट केला तर सूर फक्त एक सप्तक वर जातो. म्हणजे कानाला थोडा चढलेला वाटणारा सूर पंखाला बराच जास्त ओढत असू शकतो. छेडल्यावर तार वाजली पाहिजे, नुसती थरथरायला नको, आणि तिच्या मध्यावर बोटाने हलकं दाबल्यावर ती पाच-सहा मिलिमीटर वाकली पाहिजे. माझ्या साधारण 70 सेंटिमीटरच्या तारांना एवढं पुरतं. त्याहून कडक केल्यास स्ट्रट दाबले जातात, पंखाच्या फासळ्या वाकतात, आणि विमान उडण्याआधीच ताणाखाली असतं. घट्ट तार म्हणजे मजबूत तार नव्हे.

फार सैल ठेवली तर ती हवेत फडफडते आणि क्रिम्पपाशी थकते. जिथे दोन तारा एकमेकींना ओलांडतात तिथे लाकडाचा छोटा खाचेचा तुकडा घालून बारीक दोऱ्याने बांधा, नाहीतर त्या एकमेकींना घासत राहतात. रिसीव्हरची अँटेना कुठल्याही तारेला समांतर किंवा चिकटून जाणार नाही, हेही याच वेळी बघा.

10. पक्कं करणं

प्रत्येक लॉकनट आवळा, आट्यावर निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब, क्लेव्हिसवर सिलिकॉनच्या नळीचा तुकडा चढवा म्हणजे पिन आपोआप उघडणार नाही. थ्रेडलॉकर प्लॅस्टिकच्या भागावर सांडू देऊ नका, काही प्लॅस्टिकना त्याने तडे जातात. एक दिवस जाऊ द्या. मग सगळी मापं पुन्हा घ्या आणि वहीत तारखेसह लिहा.

11. पहिलं उड्डाण

हरणीचं विमानतळ गावाला लागूनच आहे, तेव्हा ड्रोन नियम, 2021 प्रमाणे आपली जागा लाल, पिवळ्या की हिरव्या क्षेत्रात येते हे नकाशावर आधी बघूनच मैदान निवडा.

मैदानावर तारा पुन्हा छेडा. गाडीत तापलेलं विमान आणि सकाळचं गार विमान यांत फरक पडतो. 70 सेंटिमीटरची स्टेनलेस तार 30 अंश तापमान वाढलं की साधारण एक तृतीयांश मिलिमीटर लांबते. लाकूड ओलाव्याने वेगळं हलतं. म्हणून मे महिन्यात लावलेला सूर जानेवारीत तोच राहत नाही.

जमिनीवर पूर्ण थ्रॉटल देऊन एक मिनिट विमान धरा, मग इंजिन बंद करून रेघा बघा. पहिलं उड्डाण पाच मिनिटांचं, सरळ आणि मोठ्या वर्तुळांचं, लूप नाही. उतरल्यावर पुन्हा रेघा, पुन्हा सूर. नव्या तारा पहिल्या दोन-तीन उड्डाणांत थोड्या बसतात, एखादा अर्धा फेरा द्यावा लागतो. सूर सारखाच खाली येत राहिला तर तार बसत नसून क्रिम्प सरकतोय, तेव्हा उडवणं तिथेच थांबवा.

उत्तरायणानंतरचे दोन-तीन आठवडे झाडांवर आणि गवतात मांजा अडकलेला असतो. चाकात किंवा तारेत गुंतला तर ओढून काढू नका. काचेचा मांजा तारेवर घासतो. कात्रीने तुकडे करून सोडवा आणि त्या जागी तारेवरून कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडला तर एखादा धागा तुटलेला आहे, ती तार बदला.

12. पावसाळा

जूनच्या आधी प्रत्येक फेरूलच्या तोंडाशी तेलाचा एक थेंब सोडा आणि जास्तीचं पुसून टाका. विमान तळमजल्यावर ठेवत असाल तर ते वर हलवा. भिजलंच, तर बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या तारांवर विसंबू नका. प्रत्येक जातीची एक तार काढून क्रिम्पच्या तोंडाशी वाकवून बघा, आणि एक जरी तुटली तरी त्या जातीच्या सगळ्या बदला. माझं विमान आता भावोजींच्या माळ्यावर, छताच्या कडीला टांगलेलं आहे.